कपाटातला राजीनामा

अख्ख्या झाशीची गाऱ्हाणी देवापुढे आणि स्वतःचं गाऱ्हाणं माझ्यापुढे मांडणारा माणूस म्हणजे आमच्या शेजारचे पाळकसाहेब. देवाला निदान ऐकलं न ऐकलं करता येतं, मला तीही सोय नव्हती. मी रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड, ते नगरकडचे ख्रिस्ती, चर्चच्या नेमणुकीवर इथे आलेले. गल्लीत मराठी बोलणारी आमची दोनच घरं. आठवडाभर हिंदीत उपदेश करून जीभ आंबली की ते तडक आमच्याकडे येत.

दर शनिवारी संध्याकाळी सहाला चपला काढता काढताच ते म्हणत, "काका, ती चिठ्ठी द्या." चिठ्ठी म्हणजे बिशपसाहेबांच्या नावे लिहिलेला राजीनामा. घरी ठेवला तर बायकोच्या हाती लागेल, म्हणून तो माझ्या लोखंडी कपाटात, पेन्शनच्या कागदांखाली. तो वाचायचा, सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचं, "दोन वर्षं झाली काका, प्रार्थना करतो ती नुसती तोंडाने. आत काही हलत नाही. असल्या माणसाने मंडळीपुढे उभं राहावं का?" आता हे मला विचारायचं? मी संकष्टीला विसरून ऑम्लेट खाणारा माणूस! मी चहा पुढे केला की ते चिठ्ठीची घडी घालत. "असू दे, उद्याची उपासना होऊ दे. सोमवारी टाकतो पोस्टात." मग चिठ्ठी कपाटात, आणि उद्याच्या उपदेशाची तालीम माझ्या डोक्यावर. शनिवारची एकही क्रिकेट मॅच मी धड पाहिली नाही.

दुसऱ्यांसाठी मात्र यांच्या प्रार्थनेला खळ नाही. माझे गुडघे, न आलेला गॅस सिलिंडर, मानिक चौकात पंक्चर झालेला कुणाचा तरी ऑटो, कशालाही हे डोळे मिटणार. त्या ऑटोवाल्याने वैतागून सांगितलं, "पादरी साहब, आँखें बाद में मूँदियो, पहले धक्का लगवाओ!" हेवा वाटला तरी तोही माझ्यापुढेच मांडणार. सदर बाजाराकडे ढोलकी-कीबोर्डवाली नवी प्रार्थनासभा सुरू झाली आणि यांची तरणी मंडळी तिकडे सरकली, तेव्हा हे मला स्कूटरवर बसवून त्या सभेसमोरच्या गुऱ्हाळावर घेऊन गेले. आतला जल्लोष ऐकत उसाच्या रसाचे तीन ग्लास रिचवले आणि म्हणाले, "काका, मला हेवा वाटतोय. पाळकाला हेवा!" माझा घसा बसला तो वेगळाच.

एका शनिवारी मात्र त्यांनी चहाला हात लावला नाही. चर्चमधल्या एका आजारी म्हातारीला ते म्हणाले होते, माझ्यासाठीही थोडी प्रार्थना करा. ती हसली. "काए पादरी साहब, आप तो सीधे ऊपर बात करत हो, आपखों का चिंता?" हे सांगून ते म्हणाले, "सगळ्यांना वाटतं माझं तिकीट कन्फर्म आहे. माझ्यासाठी कुणी मागतच नाही, काका."

मला राग आला. त्या म्हातारीचा, यांचा, कुणाचा ते कळेना. मी म्हणालो, "बरं, उद्यापासून मी सांगतो आमच्या गणपतीला. झालं?" पाळकसाहेब मोठ्या धर्मसंकटात पडले. बशीशी खेळत हळूच म्हणाले, "तुम्ही नुसतं 'देवा' म्हणा. पुढचं तो बघून घेईल." त्या दिवसापासून सकाळी दिवा लावताना मी करवादून म्हणू लागलो, देवा, त्या शेजारच्याचं काय ते बघ, मला शनिवार मोकळा हवाय.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. स्टेशनवर मी चिठ्ठी खिशात घालून गेलो होतो. त्यांनी सवयीने माझे दोन्ही हात धरले, डोळे मिटले आणि पहिल्यांदाच हिंदीऐवजी मराठीत सुरुवात केली. "हे बापा, आमचे काका..." डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं, तरी हात सोडवत नव्हते. गाडीची शिटी झाली तेव्हा मी घाईने चिठ्ठी पुढे केली. ती त्यांनी परत माझ्या खिशात घातली. "राहू द्या तुमच्याकडे. लागली तर शनिवारी फोन करीन."

चिठ्ठी अजून पेन्शनच्या कागदांखाली आहे. शनिवारी सहाला मी मॅच लावतो, आवाज बारीक करतो आणि फोन जवळ घेऊन बसतो. तो वाजू नये असंच मला मनापासून वाटतं. सात वाजून जातात, फोन वाजत नाही, आणि मला फार एकटं वाटतं.