आक्काच्या घराची खूण

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत माझ्या सासऱ्यांइतक्या वाटा जाणणारा माणूस दुसरा नाही, आणि त्यांच्याइतकी दुसऱ्याला वाट चुकवणाराही नाही. घराणं मेंढपाळांचं. खतासाठी लोक शेतात मेंढरं बसवून घ्यायचे, त्यामुळे मामांना प्रत्येक रान कळपाच्या मुक्कामावरून ठाऊक. त्यातली निम्मी रानं आता कारखान्यांखाली गेली, पण मामांनी त्याची दखल घेतलेली नाही. कारेगावात एका परप्रांतीय कामगाराने बँक विचारली, तर म्हणाले, "सरळ जावा. चिंच हुती तिथनं डावीकडं." चिंच तोडून वीस वर्षं झाली. तो बिचारा अजून हिंडत असेल. फोनवर रस्ता सांगणाऱ्या बाईचा तर त्यांना रागच. जी कधी या रानात आलीच नाही, तिचं काय म्हणून ऐकायचं?

गेल्या वर्षी दौंडकडच्या त्यांच्या थोरल्या बहिणीने अंथरूण धरलं. भावाला एकदा बघायचंय, असा आक्काचा निरोप आला आणि मी मामांना घेऊन निघालो. फोन अर्थातच बंद. न्हावऱ्याच्या पुढे त्यांनी असे आडरस्ते काढले, की उसाच्या ट्रॉल्या चुकवून आम्ही भीमेचा पूल कधी ओलांडला ते कळलं नाही. मी मनोमन हात जोडले. तरी खात्रीसाठी घराची खूण विचारलीच.

"खूण कशाला, पाव्हणं? आक्का वट्यावर हुबी आसती की."

बोलण्याच्या नादात दोघांच्याही काही लक्षात आलं नाही.

गावात शिरल्यावर मामा एकेक ओटा न्याहाळू लागले. एकाच आळीतून आम्ही तीनदा गेलो. शेवटी जन्मात कुणाला वाट न विचारलेल्या त्या माणसाने एका बाईला बहिणीचं घर विचारलं. तिने बोट दाखवलं. आम्ही त्याच घरासमोर उभे होतो.

आक्का खाटेवर होती. मामा तिच्या पायाशी बसले आणि खाली बघत म्हणाले, "वाट चुकलो, आक्के."

मला वाटलं ती हसेल. तिने त्यांचा हात धरला. "चुकणारच. म्या हुबी न्हवते नव्हं."

त्यानंतर महिन्याभरात आक्का गेली. परवा माझा साडू पहिल्यांदाच तिकडे निघाला, तेव्हा मामांनी त्याला सगळी वाट समजावली आणि शेवटी सांगितलं, "आक्का हुबी आसायची, तिथं थांबा."

चिंचेला इतकी वर्षं हसत आलो. या वेळी मला हसता आलं नाही.