शिंगाड्याच्या तळ्यावर वसुधाताई

कोहमाऱ्याला बस बदलत होते तेव्हा ताईंच्या भाच्याचा फोन आला. मी नागपूरच्या दवाखान्यात असलेल्या ताईंनाच भेटायला निघाले होते. तो एवढंच म्हणाला, “शीतल, आता घाई नको करू... मावशी गेली.” मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. नागपूरची बस समोरून निघून गेली. ट्रक वळत होते, ढाब्यावर कोणी रोट्या थापत होतं, मागे कुठेतरी टायरमध्ये हवा भरत होती. त्या गदारोळातले आवाज मी एकेक करून वेगळे ऐकते आहे, हे काही वेळाने माझ्या लक्षात आलं. ही सवय मला ताईंनी लावली होती. मग मात्र रडू आवरलं नाही.

त्याला आता महिना होत आला. वसुधाताई मूळच्या अर्जुनी मोरगावच्या. मुंबईत त्यांनी उभं आयुष्य माहितीपटांसाठी आवाज टिपण्यात घालवलं. गुडघे कुरकुरायला लागले तशा त्या परत आल्या आणि भावाच्या राइस मिलवरच्या खोलीत, शनिवारी मिल बंद असे तेव्हा, आम्हा पोरापोरींना माहितीपट करायला शिकवू लागल्या. फी नव्हती. पहिल्याच दिवशी मी माझ्या मोबाइलवरचं शूटिंग दाखवायला पुढे सरसावले, तर म्हणाल्या, “ठेव तो मोबाइल. आधी ऐकाले शीक. पाहाचं मंग पाहू.” पुढे कितीतरी शनिवार आम्ही कॅमेऱ्याला हात न लावता नुसते हेडफोन लावून बसलो. बाजारात, बसस्टँडवर, बांधावर. काही जण कंटाळून सोडून गेले. मी थांबले, कारण घरी मला कोणी इतक्या लक्षपूर्वक ऐकत नव्हतं, आणि ताई ऐकत होत्या.

माझ्या पहिल्या फिल्मसाठी मी पुस्तकातल्यासारखं गुळगुळीत निवेदन लिहून नेलं. ताईंनी दोन ओळी ऐकल्या आणि हात वर केला. “हे कोन बोलून राहिलं? तुयी माय अशी बोलते का?” मी नाही म्हटलं. “मंग तू कायले बोलतेस?” मुंबईत इतकी वर्षं काढूनही त्यांची झाडीबोली जशीच्या तशी होती आणि ती बोलताना त्यांना कधी संकोच वाटला नाही. त्या दिवसापासून मलाही वाटला नाही.

ती फिल्म आमच्या गावच्या तळ्यात शिंगाडे काढणाऱ्या सकूमावशींवर होती. कंबरभर पाण्यात उभं राहून वेल उलटायची, काटे टोचून घ्यायचे, घरी येऊन शिंगाडे उकडायचे आणि बाजारात बसायचं. हे सगळं मावशींनी मला हसतहसत टिपू दिलं. एकदा मात्र चुलीपुढे बसल्या असताना त्या परगावी गेलेल्या मुलाबद्दल बोलल्या. तो फोनही करत नाही म्हणाल्या आणि रडल्या. कॅमेरा चालू होता. शहरातून आलेल्या एका निर्मात्याने कच्ची फिल्म पाहिली आणि तो त्या प्रसंगावरच अडला. “हा सीन सुरुवातीला घ्या, पुढचं आम्ही पाहतो,” असं त्याने सांगितलं. मी हवेत होते.

ताई म्हणाल्या, “सकूले दाखवली का?”

आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन मावशींच्या ओसरीवर गेलो. मावशी स्वतःला पाहून खूप हसल्या, शेजारणींना हाका मारल्या. चुलीचा प्रसंग आला तसा त्यांनी पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाल्या, “बाई, हे काढता येते का? पोरगा पाहीन. त्याले वाटन, मायनं गावभर बदनामी केली.”

निर्मात्याला फोन केला. तो प्रसंग नसेल तर फिल्म नको, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मी ताईंकडे पाहिलं. “माह्याकडे नको पाहू,” त्या म्हणाल्या. “पिक्चर तुयी हाय. ठरवाचं तू.”

मी तो प्रसंग काढला. निर्माता गेला आणि फिल्मच्या मधोमध एक भोक राहिलं. तेव्हा ताई मला म्हणाल्या, “चल, तळ्यावर जाऊ.” गुडघ्यांना पट्टे बांधून त्या तळ्याच्या पाळीवर, बांधावर बसल्या, मांडीवर माइक. सगळी सकाळ त्यांनी मावशींचं काम टिपलं. वेल पाण्यातून वर येताना होणारा आवाज, टोपल्यात पडणारे शिंगाडे, काटा रुतल्यावर मावशींनी दातांमधून ओढलेला श्वास. मध्येच मावशी स्वतःशीच काहीतरी गुणगुणू लागल्या. त्या सकाळने ते भोक भरलं.

पुढे ती फिल्म पुण्याच्या एका महोत्सवात निवडली गेली. आम्ही तिघी रेल्वेने गेलो. फिल्म संपली, मला मंचावर बोलावलं, मी ताईंना हात केला, तर त्यांनी खुर्चीतून उठायचं सोडून मावशींनाच पुढे ढकललं. एका तरुणाने मावशींना विचारलं, “तुमचं आयुष्य असं सगळ्यांसमोर येणार, याची भीती नाही वाटली?”

मावशींनी पदर सावरला. “भेव कायचं? हे आमच्या गावची पोरगी हाय. मी नाही म्हटलं त ते काढते.”

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. मी शेवटच्या रांगेत पाहिलं. ताई डोळे मिटून, मान किंचित कलती करून त्या टाळ्या ऐकत होत्या. माझ्या फिल्मला पुढे बक्षीसही मिळालं, पण मला कोणी कमाई विचारली तर मी मावशींचं ते वाक्य सांगते. जे ताईंनी मला शिकवलं होतं, ते मावशींच्या तोंडून आलं.

गेल्या शनिवारी आम्ही मिलवरच्या खोलीत पुन्हा वर्ग भरवला. आता मी शिकवते. नव्याने आलेल्या एका मुलीने इटियाडोह धरणाच्या कालव्यावर टिपलेला आवाज आणला होता. तो लावायच्या आधी जुन्यांपैकी कोणीतरी उठून पंख्याचं बटण बंद केलं. ऐकताना खोलीत पंख्याचीसुद्धा घरघर नको, हा ताईंचा नियम. नवी मुलगी घाम पुसत म्हणाली, “एवढ्या गरमीत पंखा काऊन बंद केला?”

मी आवाज सुरू केला. थोड्या वेळाने पाहिलं, तर तिने घाम पुसणं सोडलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते...