पिवळ्या छत्रीचं बंदर

जगातले सगळे समुद्र पालथे घातलेला माणूस समुद्र न बघताच म्हातारा होऊ शकतो का? घाईने नाही म्हणू नका. सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या ज्या फ्लॅटमध्ये मी एक खोली भाड्याने घेऊन राहते, त्या फ्लॅटच्या मालकांना आधी भेटा. उभा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून, चीफ इंजिनियर होऊन काका निवृत्त झाले. पृथ्वीवर त्यांच्याइतकं फिरून त्यांच्याइतकं कमी पाहिलेला दुसरा माणूस नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते.

काका कानाने आणि तळहाताने बघतात. सकाळी उठले की घरात ‘राउंड’ मारतात. फ्रिजच्या पाठीवर हात ठेवून त्याचा ताप पाहतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक वॉशिंग मशीनला आणि मूठ कानाला लावून डॉक्टरसारखे गंभीर उभे राहतात. एकदा त्यांनी ब्लॉकच्या लिफ्टची अशीच नाडी तपासली आणि “ही या आठवड्यात बसणार” असं जाहीर केलं. लिफ्ट मध्येच बंद पडली तेव्हा आत काकाच होते. सुटका झाल्यावर बाहेर आले ते विजयी मुद्रेने. घराला विसाव्या मजल्यावरची भलीमोठी खिडकी आहे, तिच्याकडे पाठ करून ते जेवतात. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, भुयारातून वर आली की सगळे बाहेर बघतात, काका डोळे मिटून चाकं ऐकतात. आणि आवाज! जन्मभर इंजिनच्या गडगडाटावर मात करत बोलल्यामुळे त्यांची कुजबुज खालच्या तीन मजल्यांना ऐकू जाते. शेजारची चिनी आंटी एकदा दारात येऊन म्हणाली, “अंकल, युअर सीक्रेट ऑल्सो आय कॅन हिअर, लाह!”

अशा माणसाशी काकूंनी संसार केला तो बराचसा फोनवर. काका जहाजावर, काकू ठाण्याला, कडेवर मुलगी. फोन यायचा तेव्हा काका त्यांना बंदरं वर्णन करून सांगायचे. त्यातलं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं एक छोटं बंदर काकूंच्या मनात घर करून बसलं. निळ्या छपरांचं गाव, टेकडीवर पांढरं दीपगृह, आणि रोज संध्याकाळी पिवळी छत्री घेऊन धक्क्यावर फिरणारी एक बाई. मुलीला त्यांनी याच गावाच्या गोष्टी सांगून झोपवलं. निवृत्तीनंतर दोघं सिंगापूरला स्थायिक झाले, तेव्हा काकूंनी नवऱ्याकडे एकच मागणं मागितलं: “मला ते गाव दाखवा.” काका हो म्हणाले आणि पुढे दोन वर्षं टाळत राहिले. शेवटी काकूंनीच तिकिटं काढली. काकांना गाडी चालवता येत नाही, मला येते, म्हणून सारथी मी.

त्या किनाऱ्यावरून गाडी चालवणं म्हणजे काय सुख! डावीकडे समुद्र नुसता उसळत होता. माझ्या शेजारी काका, तळहात डॅशबोर्डवर, नजर काट्यावर.

“काका, समुद्र बघा ना!”

“तो कुठं पळतोय? तू टेंपरेचर बघ.”

तासातासाला गाडी थांबवायला लावून ते बॉनेट उघडायचे. पण ते गाव जवळ येऊ लागलं तसं बॉनेट उघडणं बंद झालं आणि गावाची पाटी दिसताच काका म्हणाले, “इथे नको थांबायला. वारा वाईट आहे.”

“अहो, आपण गाडीत आहोत,” मागून काकू म्हणाल्या.

“पुढचं गाव जास्त चांगलं आहे.”

माझं डोकं तापलं. मोर्च्यांत पत्रकं वाटत वाढलेली मुलगी मी, दिलेल्या शब्दाला कुणी बगल दिली की मला सहन होत नाही. मी सरळ गाडी धक्क्याकडे वळवली.

गाव पोळपाटासारखं सपाट होतं. टेकडी नाही, दीपगृह नाही. छपरं गंजक्या पत्र्यांची. गव्हाची राखाडी कोठारं आणि मासे-चिप्सचं एक दुकान. काकू बाकावर बसून बराच वेळ सगळीकडे पाहत राहिल्या. मग काका त्यांच्या कानाशी कुजबुजले, आणि धक्क्यावर गळ टाकून बसलेले सगळे लोक वळून बघायला लागले.

“अगं, मी हे गाव पाहिलंच नाही कधी. जहाज धक्क्याला लागलं की आमची खरी कामं सुरू व्हायची. मशीन उघडायचं, साफ करायचं, जोडायचं. वर यायचो तोवर जहाज निघालेलं असायचं.”

“मग दीपगृह?”

“ते वर डेकवरचा थर्ड ऑफिसर म्हणाला होता. दुसऱ्या कुठल्या बंदराचं असेल.”

“आणि निळी छपरं?”

“ती माझ्या मनची.”

“आणि ती छत्रीवाली?”

काकांनी हातातल्या चिप्सकडे पाहिलं. “तू फोनवर रडत होतीस. मला समोर एक प्रेशर गेज दिसत होता. त्याचं काय सांगणार?”

काकूंनी पिशवी मांडीवर ओढली. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचं गाव एका दुपारी गेलं.

“म्हणजे त्या बाईवर मी इतकी वर्षं फुकट जळले!” काकू अचानक कडाडल्या. “तिच्यासारखी छत्री शोधायला अख्खं ठाणं पालथं घातलं होतं मी!” आणि त्यांनी पिशवीतून ती छत्री काढली. सिंगापूरच्या उन्हात रोज वापरतात तीच, पिवळीजर्द. उघडली आणि धक्क्यावरून तरातरा चालू लागल्या. निम्म्या वाटेवर वाऱ्याने छत्री उलटी केली. तशी उलटी छत्री घेऊन त्या पार टोकापर्यंत गेल्या, वळल्या आणि ओरडल्या, “दिसतेय का आता?”

“दिसतेय!” काका म्हणाले. या वेळी मात्र ते खरोखर कुजबुजले. त्यांच्या डोळ्यांसमोर छत्री होती, छत्रीमागे समुद्र होता, आणि ते दोन्हीकडे बघत होते.

आता दर रविवारी आम्ही सिंगापूरच्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर जातो. समोर नांगर टाकून जहाजं उभी असतात. काकू किनाऱ्याने छत्री घेऊन फिरतात. तिच्या मोडक्या काड्या काकांनी तारेने बांधून दिल्या आहेत. आणि काका वाळूत उभं राहून जहाजांकडे दोन्ही हात हलवतात.

“काका, खाली इंजिनरूममध्ये त्यांना कसं दिसणार?”

“खाली नाहीच दिसत. वर कुणी पाहिलं, तर जेवताना खालच्यांना सांगेल.”

तुमच्या डब्यातला गहू आणि तुमच्या हातातला फोन कुणीतरी खाली उभं राहून इथवर आणलेला असतो. त्या माणसाला तुमचा किनारा दिसलेला नसतो. म्हणून एवढंच करा. कुठल्याही किनाऱ्यावर असाल आणि दूर जहाज दिसलं, तर फोटो नंतर काढा. आधी हात हलवा.