एकही लढाई न केलेली पलटण

डीमन या डच गावातल्या ट्रामथांब्यावर एक म्हातारा स्कॉटिश गृहस्थ रोज चौकड्यांचा किल्ट, म्हणजे त्यांचा पुरुषी घागरा, घालून कोटाची पितळी बटणं घासत बसायचा. स्कॉटलंडमधल्या एका सरदाराच्या खासगी पलटणीचा तो शिपाई होता. वर्षातून एकदा संचलनाला जायचा.

“राणीनं निशाण दिलं, पण पलटणीनं एकही लढाई केली नाही,” तो म्हणाला.

“मग शिपाई कसले? वरातीतले बँडवालेच की!” मी हसलो.

त्याचा हात थांबला. “आधी मी खऱ्या सैन्यात होतो. एका घरावर गोळ्या झाडल्या. आत दोन मुलं होती. म्हणून ही पलटण शोधली. हिनं कुणाला मारलं नाही.”

मी हादरलो. तरीही इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेत त्याच्या फोटोखाली ‘बँडवाला शिपाई’ म्हणून खुसखुशीत लेख लिहिला आणि मुलांचं गाळलं. लोक पोट धरून हसले. ते गाळलेलं आज लिहितो आहे.

अंक हातात घेऊन त्यानं विचारलं होतं, “काय लिहिलंय?”

“शूर शिपाई,” मी खोटं बोललो.

त्यानं अंक मिटला. “शूर? तुम्हाला मी मुलांचं सांगितलं होतं ना?”