तात्यांचं वरचं कापड

कुणाच्याही घरात गेले की तात्या बसायच्या आधी भिंतीला तळहात लावत. वैद्यानं नाडी बघावी तसे क्षणभर थांबत आणि निकाल देत, "ही लय तापट हाय." नव्या बिऱ्हाडातल्या बाईंना वाटे, हे आपल्यालाच म्हणतायत. तात्यांच्या ते गावीही नसे. ते तोवर पश्चिमेच्या खिडकीशी पोचलेले असत.

तात्या फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. गाव साताऱ्याकडचं. नोकरीत त्यांनी वाळवंटात तंबू ठोकले, बराकी उभ्या केल्या. मग सांगलीत गुळाच्या एका वखारीवर राखणीला लागले आणि आमच्या वसाहतीत राहायला आले. सत्तर सालानंतर उभी राहिलेली ती स्वस्त घरांची वसाहत होती. दोन खोल्या, विटेच्या बारीक भिंती आणि वर सिमेंटचे पत्रे. चैत्र लागला की दुपारी आत बसवत नसे. मी हायस्कुलात मराठी शिकवत असे आणि पुस्तक घेऊन शाळेच्या व्हरांड्यातच बसून राही.

तात्या आले त्या वर्षी फाल्गुनात आमची सुधा आठव्या महिन्यातच जन्मली. मूठभर जीव. ऊन वाढलं तसं रोज दुपारी तिचं अंग तापू लागलं. ती दूध तोंडात धरेना. डॉक्टर म्हणाले, "औषध नको, गारवा हवा." माझ्या सासऱ्यांचं वाईचं घर जाड भिंतींचं होतं. दोघींना न्यायला येतो, असं त्यांचं पत्र आलं. पण एवढ्या उन्हात एस.टी.चा प्रवास तिला सोसणार नाही, असंही डॉक्टरांनीच बजावलं होतं. घरात ठेवावं तरी भीती, न्यावं तरी भीती. कुसुम, माझी पत्नी, पाळण्यावर ओला पंचा टांगून बसून राही.

एका दुपारी तात्या आले. भिंतीला हात लावून म्हणाले, "मास्तर, आदी तो पंखा बंद करा."

"अहो, उकाडा किती आहे."

"म्हनूनच म्हनतो. वर भट्टी पेटलीय, आन तुमी भाता मारून तिचा जाळ लेकरावर ढकलताय. वीज जाळून वर उकाडा."

मग ते जमिनीवर बोटानं आकृती काढू लागले. "तंबूला दोन कापडं असत्यात. वरचं ऊन खातं, खालचं मानसं राखतं. मधल्या मोकळ्या जागेत वारं फिरतं. तुमच्या घराला नुसतं वरचंच कापड हाय."

चार दिवसांत त्यांनी पत्र्याखाली हातभर जागा सोडून बांबूचे तट्टे बांधले आणि ते शेणमातीनं लिंपले. दोन्ही टोकांना वाऱ्याला वाट ठेवली. आता पत्र्यावर चुना द्यायचा होता. पत्रा फुटू नये म्हणून तात्या शिडी आडवी टाकून तिच्यावर पालथे पडून ब्रश मारत. शेजारच्या आक्का खालून म्हणाल्या, "आवं तात्या, वरनं चुना कुनासाठी? कावळ्यांची दिवाळी हाय व्हय?"

"कावळ्यांची दिवाळी आन तुमची पोटदुखी," तात्या वरून म्हणाले.

चुना पत्र्याला धरून राहील का, अशी त्यांना शंका होती. मी वाचलेलं होतं की जुन्या बांधकामात चुन्यात गूळ घालत. ते मी मोठ्या ऐटीत सांगितलं. तात्यांचा शिकलेल्या माणसावर भाबडा विश्वास. वखारीत गुरांसाठी काढून ठेवलेला पाघळलेला गूळ ते मागून घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या वसाहतीतल्या मुंग्या आमच्या छपरावर होत्या. तट्ट्यांच्या फटींतून त्या पाळण्याच्या दोरीवर उतरल्या. सुधाच्या कानामागे मुंगी सापडली तेव्हा कुसुमचा धीर सुटला. "तात्या, ऊन परवडलं," ती एवढंच म्हणाली.

दारात माणसं जमली होती. हे गुळाचं डोकं कुणाचं, असं आक्कांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "माझं. फौजेतलं डोकं, दुसरं काय." मग शिडी टाकून ते पुन्हा वर चढले. सगळं छप्पर घासून धुतलं आणि मीठ-डिंकाचा चुना दिला. खाली उतरल्यावर हळूच मला म्हणाले, "गूळ भिंतीच्या पोटात असतोय, मास्तर. आपन तो उघड्यावर मांडला." 'आपण' हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरतो.

त्यानंतरच्या दुपारी सुधा दूध प्यायली आणि झोपली. तिचं कपाळ तापलं नाही. कुसुम आणि मी एकमेकांकडे न बघता ऐकत बसलो, तिचा श्वास संथ चालला होता.

दोन दिवसांनी सासरे आले, ते बांधाबांध करायच्या तयारीनंच. जेवले, चटईवर जरा टेकले, आणि चहाच्या वेळेपर्यंत घोरत राहिले. उठल्यावर वर तट्ट्यांकडे पाहिलं, नातीच्या अंगाला हात लावला. "जावईबापू," ते म्हणाले, "मी एकटाच जातो."

पुढच्या उन्हाळ्यात आमची सगळी ओळ वरून पांढरी झाली. आक्कांचं घर पहिलं.

दशक संपता संपता तात्या गावी परतले आणि एका हिवाळ्यात झोपेतच गेले. मी सुधाला घेऊन त्यांच्या गावी गेलो. मन जड होतं, पण त्यांना त्रास झाला नाही हे कळल्यावर हलकं झालं. त्यांच्या मुलानं विचारलं, "ही सांगलीची सुधा व्हय?" मी हो म्हणालो.

"तात्या सांगायचं, मास्तरांच्या दारावरनं जाताना दुपारचं बूट काढून हातात धरायचो. पोर झोपली असंल म्हनून. सांगली सोडून इकडं यायच्या दिवशीबी तसंच आलो, म्हनायचं."

तात्यांनी सांगली सोडली तेव्हा सुधा शाळेत जाऊ लागली होती आणि कुसुम शिवणवर्गाला. दुपारी आमच्या घराला कुलूप असे.