गार्डची नजर

लातूरला लेकीचा अभ्यास घेताना काल शब्दकोश उघडला. ‘गार्ड’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि त्याचा मुळातला अर्थ नजर ठेवणं असा होता. रक्षणाचा अर्थ मागून आला. मी तिथंच थबकले. माझे बाबा नांदेडला मालगाडीवर गार्ड होते.

मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी आई तापात बरळायला लागली. मी अनवाणीच रुळांकडं पळाले. बाबांची गाडी नुकतीच हलली होती. तापलेल्या लोखंडाचा आणि ग्रीसचा वास नाकात बसला. शेवटच्या डब्याच्या दारात बाबा हिरवी झेंडी धरून उभे होते.

“बाबा, आईला लई ताप हाय! उतरा की!” मी ओरडत गाडीसोबत पळत राहिले. त्यांनी मान वळवली नाही. कुठं धूर निघतो का, काही लोंबतंय का, हे बघायचं त्यांचं काम. त्यांची नजर पुढच्या डब्यांवरून हलली नाही. गाडी गेली. शेजारच्या काकूंनी आईला दवाखान्यात नेलं, ती बरी झाली. माझा राग तेवढा राहिला.

काल शब्दकोश मिटला, तरी जीव थाऱ्यावर येईना. शेवटी नांदेडला फोन लावला.

“बाबा, त्या दिवशी माझं ओरडणं ऐकलं होतं का तुम्ही?”

“ऐकलं की.”

“मग बघितलं का न्हाई?”



“तुझ्याकडं बघितलं असतं, तर उतरलोच असतो, माय.”