रविवारी एक रंगीत प्रिंट

फसलेले प्रिंट मी फेकत नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीने कागद, शाई, सेटिंग असं सगळं लिहून टेबलाच्या खणात ठेवतो. तो खण आता बंद होत नाही. एक प्रिंट काढायला हात घातला की त्याच्याबरोबर चार किस्से बाहेर येतात!

प्रिंटर मुलीने घेऊन दिला. ती बंगळूरला असते. जाताना बजावून गेली, "बाबा, आठवड्यातून एक तरी रंगीत प्रिंट काढा. नाहीतर आत शाई वाळते."

मी प्रकाशशास्त्रात पीएचडी केलेला माणूस. सूचना तंतोतंत पाळतो. पण बायको वारल्यापासून अमरावतीच्या या घरात दर आठवड्याला फोटो काढावा असं घडतं काय? मग ओळखीच्यांना सांगत सुटलो, "फोटो असतील तर रविवारी आणा. चहा होईल." माणसं येऊ लागली. तेव्हापासून एकच धास्ती होती. रंग चुकला तर पुन्हा कोणी येणार नाही.

*

पहिले आले नामदेवराव. शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग आहे. फळांनी लगडलेल्या झाडाचा फोटो होता. मला प्रिंट पिवळट वाटला. पडद्यावर निळा वाढवून पुन्हा काढला, तरी पिवळट! शाईचा संशय आला, कागदाचा आला, ट्यूबलाइटचाही आला.

नामदेवराव म्हणाले, "सर, पुढच्या रविवारी बागेतलं संत्रंच घेऊन येतो. शेजारी ठेवा अन् जुळवा."

विज्ञानात यालाच स्टँडर्ड म्हणतात! संत्रं आलं. मी ते खिडकीत पांढऱ्या कापडावर ठेवलं, प्रिंटरमध्ये कागद घातला आणि वळून बघतो तर कापडावर नुसती सालं.

"सर, तुमचं स्टँडर्ड लय गोड निघालं!"

मग रंग आठवणीने जुळवला. दुसरा काय इलाज?

*

शेजारच्या कुसुमताईंना भाचीचा फोटो हवा होता, स्थळासाठी. "सर, थोडी उजळ करा," म्हणाल्या. मी त्यांना अर्धा तास अचूकतेवर व्याख्यान दिलं. जशी आहे तशीच छापणार! बिचाऱ्या प्रिंट घेऊन गेल्या.

पंधरा दिवसांनी परत आल्या. मी घाबरतच विचारलं, "काय म्हणाले मुलाकडचे?"

"पोरगी पसंत आहे. पण इचारून राहिले, फोटो काढला तवा तिले थंडी वाजून राहिली होती काय?"

माझ्याकडची प्रत काढून मी दोनदा तपासली. थंडीसारखं मला काही दिसलं नाही.

*

अकोल्याचा भाऊराव माझा कॉलेजातला दोस्त. त्याची मागणी वेगळीच.

"मास्तर, माझा हार घालाचा फोटो आताच काढून ठेव. पोरायच्या भरवशावर राहिलो तर आधार कार्डावरला लावतील!"

त्याच्यासाठी मी जीव ओतला. त्याने पांढरा सदरा घातलेला, म्हणजे खरी परीक्षा. सदरा पांढरा दिसेपर्यंत निळा वाढवत गेलो. भाऊराव दर रविवारी बसने यायचा, प्रिंट हातभर लांब धरायचा आणि म्हणायचा, "अजून जमलं नाई गड्या. येतो पुढच्या रविवारी." असे सहा रविवार. सहावा प्रिंट त्याने नेला आणि बैठकीत लावूनही टाकला. आता पाहुणे दारातच हात जोडतात. म्हणून तो मुद्दाम फोटोखालीच खुर्ची टाकून बसतो!

नंतर नातवाचा फोटो घेऊन आला. मग म्हशीचा.

*

उन्हाळ्यात लग्नसराईचे तीन रविवार कोणीच आलं नाही. प्रिंटर तर चालवायलाच हवा. नुसत्या रंगपट्ट्या छापल्या. सवयीने चहा दोन कप केला होता. दुसरा कप त्या पट्ट्यांजवळ ठेवला, तर वाफेने कागदाला पोक आलं.

त्या प्रिंटच्या मागे लिहिलं आहे, "कारण : आर्द्रता."

*

गेल्या महिन्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, डाव्याचा अजून बाकी आहे. डॉक्टर म्हणाले, "सर, दोन वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. भिंग चहाच्या रंगाचं झालं होतं."

पट्टी निघाल्यावर घरी येऊन खण उघडला. सगळं निळं! संत्र्याचं झाड निळसर, कुसुमताईंची भाची निळसर, म्हैस तर शाईत बुडवल्यासारखी. उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं, तर सगळं अगदी ठीक. चाळीस वर्षं मी पोरांना प्रकाश शिकवला.

डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली आणि मी अकोल्याची बस धरली. भाऊराव नेहमीच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या डोक्यावर दुसरा भाऊराव, निळा. सदरा आभाळासारखा.

"तुला हे असंच दिसत होतं?"

"मलेच काय, साऱ्यायले दिसून राहिलं होतं. नामदेवरावले बी."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने आत वळून वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

मी म्हणालो, "आता डोळा नवा आहे. घरी जातो आणि आजच्या आज अगदी बरोबर काढतो. एकाच प्रिंटमध्ये."

भाऊरावने मान वर करून फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"येवढी काय घाई आहे बे मास्तर? डावा डोळा आहे ना अजून! काही रविवार त्यानंच पाह्य."